टिक एकीला, लागते दुसरीलाच: कोअर डेटाच्या नोंदींना स्विफ्टयूआयच्या लिस्टसाठी ओळख कशी द्यायची

आमच्या आईची भिशी आहे. सोळा बायका, महिन्याला हजार रुपये, एक तारखेला चिठ्ठी. हिशेब वहीत होता तोवर सुरळीत चाललं होतं. मी हौसेनं तिला आयफोनवर अ‍ॅप करून दिलं आणि दुसऱ्याच महिन्यात तिचा फोन आला. "अरे, पवार वहिनींच्या नावापुढे टिक केली तर त्या 'बाकी'च्या यादीतून गेल्या, पण टिक तिथंच राहिली. आता ती कुलकर्णीबाईंच्या नावापुढे दिसतेय आणि त्या म्हणतात माझेही जमा धरा."

डेटाबेस उघडून पाहिला तर हिशेब चोख. पवार वहिनींचे पैसे जमा, कुलकर्णीबाईंचे बाकी. म्हणजे नोंदी साठवणारा कोअर डेटा बरोबर होता, घोळ फक्त पडद्यावर, तो काढणाऱ्या स्विफ्टयूआयच्या बाजूला होता. तो निस्तरायला मला जवळपास पंधरवडा गेला, कारण मी तो चुकीच्या जागी शोधत होतो. तुमचा पंधरवडा वाचावा म्हणून हे सगळं क्रमानं लिहितोय.

कोडमधली नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. एक्सकोडमध्ये टाइप करताना अर्थातच नेहमीचं इंग्रजी स्पेलिंग वापरा.

हाताशी काय हवं

- मॅक आणि अलीकडचा एक्सकोड. आयओएस १५ किंवा पुढचं लक्ष्य धरलं आहे.
- कोअर डेटा वापरणारा प्रोजेक्ट. स्विफ्टडेटा असेल तर पायऱ्या १ ते ४ वाचून थेट १० वर जा.
- तुमचं अ‍ॅप आधीच कोणाच्या फोनवर असेल तर त्याच जुन्या आवृत्तीचा कोड. गिटमध्ये टॅग लावून ठेवा, शेवटी लागणार आहे.
- चाचणीसाठी निदान वीस नोंदी, आणि त्यात मुद्दाम दोन सारख्या नावांच्या. दोन-तीन नोंदींवर हे दोष दिसतच नाहीत.

१. आधी दुखणं ओळखा

खालीलपैकी काही दिसत असेल तर तुमचा घोळ नोंदीच्या आयडीचा, म्हणजे तिच्या ओळखीचा आहे, डेटा शोधणाऱ्या क्वेरीचा नाही:

- एकच नोंद लिस्टमध्ये अनेकदा दिसते आणि बाकीच्या गायब असतात.
- एका ओळीवर केलेली टिक, उघडलेला मेनू किंवा अर्धवट टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच ओळीवर जातो.
- ओळीतल्या चौकटीत एक अक्षर टाइप केलं की कीबोर्ड खाली जातो.
- सेव्ह केल्याबरोबर ओळ लुकलुकते, किंवा उघडलेली शीट बंद होऊन पुन्हा उघडते.
- काहीही न बदलता लिस्ट ताजी केली तरी सगळ्या ओळी नव्यानं सरकत येतात.

एक्सकोडच्या कन्सोलमध्ये फॉरईचच्या, म्हणजे यादीतल्या प्रत्येक नोंदीची ओळ काढणाऱ्या रचनेच्या, नावानं एक इशाराही येतो. त्याचा मथितार्थ असा, की हा आयडी या संग्रहात एकाहून जास्त वेळा आला आहे, परिणामांची खात्री नाही. मी तो महिनाभर पाहत होतो. अ‍ॅप चालतंय ना, मग पिवळ्या ओळी कोण वाचतो! वाचा. तो इशारा आला म्हणजे दोष आहेच.

२. स्विफ्टयूआयला 'तीच ओळ' कशी कळते

स्विफ्टयूआय पडदा पुन्हा काढताना आधीची यादी आणि आताची यादी शेजारी ठेवून पाहतं. कोण गेलं, कोण आलं, कोण जागेवरून हललं हे ते प्रत्येक नोंदीच्या आयडीवरून ठरवतं. नाव, रक्कम, तारीख यांच्याशी त्याला देणंघेणं नसतं. आयडी तोच असेल तर ओळ तीच, आणि त्या ओळीची स्टेट, म्हणजे टिक, उघडझाप, अर्धवट मजकूर, तिच्यासोबत राहते. आयडी बदलला तर जुनी ओळ मेली, नवी जन्मली.

आईच्या अ‍ॅपमध्ये मी फॉरईचला क्रमांक दिले होते: शून्य, एक, दोन. पवार वहिनी तिसऱ्या. टिक झाल्यावर त्या यादीतून गेल्या, पण 'तिसरी ओळ' कुठं गेली? ती तिथंच होती. आता तिच्यात कुलकर्णीबाई आल्या आणि ओळीची स्टेट आधीचीच राहिली. स्विफ्टयूआयच्या हिशेबानं शेवटच्या क्रमांकाची ओळ तेवढी कमी झाली.

हे आयडी सांगण्यासाठी स्विफ्टमध्ये आयडेंटिफायेबल नावाचा प्रोटोकॉल आहे. तो स्विफ्ट ५.१ पासून भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीतच आहे. अट एकच: आयडी नावाची प्रॉपर्टी हवी आणि तिचा प्रकार हॅशेबल हवा. तो आयडी खरंच एकमेव आहे का, टिकाऊ आहे का, हे कंपायलर तपासत नाही. तपासूच शकत नाही. म्हणून चूक केली तरी बिल्ड हिरवा होतो.

त्यातून क्लासला एक सवलत आहे. क्लासनं नुसतं 'मी आयडेंटिफायेबल' म्हटलं आणि आयडी दिलाच नाही, तर स्विफ्ट ऑब्जेक्टआयडेंटिफायर वापरतं, म्हणजे मेमरीतल्या त्या ऑब्जेक्टचीच ओळख. कोअर डेटाच्या नोंदी क्लासच असतात, आणि एक्सकोड त्यांच्यासाठी जो कोड आपोआप बनवतो त्यात आयडेंटिफायेबलचं एक रिकामं एक्स्टेंशन घालून ठेवतो. त्यामुळे काही न करता लिस्ट चालू होते आणि आपल्याला वाटतं, झालं काम.

ही ओळख म्हणजे भाड्याच्या खोलीचा पत्ता. भाडेकरू आत आहे तोवर पत्ता बरोबर. ऑब्जेक्ट मेमरीतून गेला आणि तीच नोंद पुन्हा वाचली, तर ती दुसऱ्या खोलीत असू शकते आणि जुन्या खोलीत भलतंच कोणी. शिवाय तीच नोंद बॅकग्राउंड कॉन्टेक्स्टमध्ये (कॉन्टेक्स्ट म्हणजे नोंदी वाचायची-बदलायची कोअर डेटाची मेमरीतली पाटी) वाचली तर तिथं तिचा वेगळा ऑब्जेक्ट असतो. एका पडद्यापुरतं हे भागून जातं. निवडलेली नोंद लक्षात ठेवायची असेल किंवा दोन कॉन्टेक्स्टमध्ये जुळवायची असेल तर भागत नाही.

कोअर डेटा मॅकवर २००५ साली आला, आयफोनवर २००९ साली. स्विफ्टयूआय २०१९ चं. दोघांचा संसार ठरवून झालेला नाही, त्यामुळे अशी कुरबुर राहणारच.

३. हे आयडी म्हणून वापरू नका

यादीतला क्रमांक. रेशनच्या रांगेतला नंबर आहे तो. पुढचा माणूस निघून गेला की तुमचा नंबर बदलला.

नाव. आईच्या भिशीत दोन सुनीता आहेत, दोघी जाधव. आडनावासकट सारखं.

मोबाइल नंबर. हे मला फार हुशारीचं वाटलं होतं. मग कळलं की एका घरातल्या सासू-सुनेनं एकच नंबर दिलाय, सासूबाईंकडे फोनच नाही. आणि नंबर दुरुस्त करायला गेलं की प्रत्येक आकड्यागणिक आयडी बदलतो, ओळ नव्यानं जन्मते आणि कीबोर्ड खाली जातो. माणूस जे बदलू शकतो ते आयडी म्हणून घेऊ नये. ईमेल, गाडीचा नंबर, फ्लॅट नंबर, सगळं यात आलं.

स्लॅश-सेल्फ. म्हणजे फॉरईचला आयडीच्या जागी बॅकस्लॅश, टिंब आणि सेल्फ देणं. शिकवणीच्या निम्म्या व्हिडिओंत हेच दिसतं. न बदलणाऱ्या, न दुबार होणाऱ्या शब्दांच्या छोट्या यादीला ते ठीक आहे. डेटाबेसच्या नोंदींसाठी मी वापरत नाही, कारण मग ओळख कशावर ठरते हे कोड वाचून कळत नाही.

दर वेळी नवी यूयूआयडी (यंत्रानं बनवलेला, दुबार न होणारा लांबलचक ओळख-क्रमांक) देणारी प्रॉपर्टी. हा सापळा सगळ्यांत वाईट. आयडी नावाची कम्प्युटेड प्रॉपर्टी लिहायची आणि तिच्यातून नवी यूयूआयडी परत करायची. कंपायलर खूश, कन्सोलमध्ये इशारा नाही, आयडी दुबार तर कधीच होत नाही. पण प्रत्येक वाचनाला नवी ओळख! लिस्टच्या दृष्टीनं दर वेळी सगळ्या जुन्या बायका भिशी सोडून गेल्या आणि सोळा नव्या आल्या. सर्व्हरवरून आलेल्या जेसनच्या स्ट्रक्टमध्ये घरच्या घरी यूयूआयडी चिकटवणारेही इथंच अडकतात. पुन्हा डाउनलोड केलं की पुन्हा नवी. सर्व्हरनं आयडी दिला असेल तर तोच वापरा.

४. दोन कामांसाठी दोन ओळखी

इथं मतभेद आहेत. अनेकजण एकच यूयूआयडी सगळीकडे वापरतात. मी तसं करून पाहिलं आणि आता दोन ओळखी वेगळ्या ठेवतो.

लिस्टसाठी ऑब्जेक्टआयडी. कोअर डेटाची प्रत्येक नोंद ही प्रॉपर्टी जन्मतःच घेऊन येते, तिचा प्रकार एनएसमॅनेज्डऑब्जेक्टआयडी. वर सांगितलेला ऑब्जेक्टआयडेंटिफायर वेगळा, हा वेगळा. नावांच्या सारखेपणानं मीही फसलो होतो. ऑब्जेक्टआयडी डेटाबेसमधल्या नोंदीचा असतो. कॉन्टेक्स्ट बदलला तरी तोच राहतो, एका थ्रेडवरून दुसऱ्यावर निर्धास्त नेता येतो, आणि तो कधीच रिकामा नसतो. नोंद नुकतीच पुसली असली तरी. या शेवटच्या गुणाची किंमत पायरी ९ मध्ये कळेल.

बाहेरच्या जगासाठी यूयूआयडी. ऑब्जेक्टआयडी त्या एका स्टोअर फाइलपुरता खरा. दुसऱ्या फोनवर त्याला अर्थ नाही, आणि स्टोअरचं स्थलांतर झालं, म्हणजे जुना डेटा नव्या रचनेत नेला, तर तो बदलूही शकतो. म्हणून बॅकअप फाइल, नोटिफिकेशन, लिंक, सर्व्हर असं जिथं जिथं नोंदीची ओळख अ‍ॅपच्या बाहेर जाते तिथं आपली यूयूआयडी. ती १२८ बिटांची, त्यातले १२२ यादृच्छिक. लिहिताना ३६ चिन्हं. योगायोगानं दोन सारख्या निघतील ही काळजी सोडून द्या. त्या सारख्या निघतात त्या आपल्याच चुकीनं, आणि ती चूक कशी होते ते पुढच्या तीन पायऱ्यांत आहे.

५. मॉडेलमध्ये यूयूआयडीला जागा करा

अ‍ॅप कोणाच्याही फोनवर गेलं असेल तर आधी एडिटर मेनूतून मॉडेलची नवी आवृत्ती जोडा, ती चालू आवृत्ती म्हणून निवडा, आणि मगच बदल करा. जुन्याच आवृत्तीत खाडाखोड केली तर वापरणाऱ्याच्या फोनवर स्टोअर उघडणारच नाही. १३४१०० क्रमांकाची एरर दिसली तर समजा हेच झालंय.

मग सभासद एंटिटीला एक अ‍ॅट्रिब्यूट जोडा. प्रकार यूयूआयडी, ऑप्शनल राहू द्या. नाव 'यूयूआयडी' किंवा 'सभासदयूयूआयडी' असं काहीही चालेल.

'आयडी' ठेवू नका. सगळ्यांना तेच नाव सुचतं, मलाही सुचलं. एक्सकोड त्या अ‍ॅट्रिब्यूटची ऑप्शनल यूयूआयडी प्रॉपर्टी बनवतो, आणि आयडेंटिफायेबल तिलाच ओळख मानून बसतं. ऑप्शनलही हॅशेबल असल्यामुळे कंपायलर चूं करत नाही. आता जुन्या नोंदी आठवा. त्यांच्यात ही जागा रिकामी. सोळाच्या सोळा नोंदींची ओळख निल, म्हणजे स्विफ्टयूआयच्या लेखी सगळ्या एकच. आईच्या फोनवर पवार वहिनी सोळा वेळा दिसल्या. "सगळे पैसे यांनीच भरायचे का?" असं तिनं विचारलं.

दुसरा सापळा डिफॉल्ट व्हॅल्यूचा. मॉडेल एडिटरमध्ये डिफॉल्टची चौकट दिसते म्हणून कुठून तरी एक यूयूआयडी आणून तिथं चिकटवू नका. ती चौकट यूयूआयडी तयार करत नाही, दिलेली एकच सगळ्यांना वाटते.

ऑप्शनल अ‍ॅट्रिब्यूट जोडणं हा साधा बदल आहे. एनएसपर्सिस्टंटकंटेनर वापरत असाल तर स्थलांतर आपोआप होतं, वेगळा कोड लागत नाही.

६. नोंद जन्मताच यूयूआयडी भरा

बटणाच्या कृतीत सभासद तयार करून पुढच्या ओळीत यूयूआयडी भरली तरी चालतं, पण अ‍ॅप वाढतं, नोंद तयार करण्याच्या जागा चार होतात, आणि चौथ्या जागी आपण विसरतो. त्यापेक्षा सभासद क्लासमध्ये अवेकफ्रॉमइन्सर्ट ओव्हरराइड करा. नोंद पहिल्यांदा कॉन्टेक्स्टमध्ये घातली जाते तेव्हाच ही मेथड चालते, नंतर वाचताना नाही. आत सुपरला हाक मारा आणि सेटप्रिमिटिव्हव्हॅल्यूनं नवी यूयूआयडी भरा. प्रिमिटिव्ह वापरायचं कारण असं, की मग ही किंमत नोंदीची मूळ अवस्था धरली जाते. अनडू केल्यावर ओळख पुसली जात नाही.

क्लासमध्ये स्वतःचा कोड लिहिण्यासाठी एंटिटीच्या इन्स्पेक्टरमध्ये कोडजेन 'कॅटेगरी/एक्स्टेंशन' करावं लागतं. ते 'क्लास डेफिनिशन'वरच राहिलं तर एकाच नावाचे दोन क्लास होतात आणि एक्सकोड तक्रार करतो.

दोन अपवाद लक्षात ठेवा. एनएसबॅचइन्सर्टरिक्वेस्टला डिक्शनऱ्या देऊन नोंदी घालत असाल तर ऑब्जेक्ट बनतच नाहीत, म्हणून अवेकफ्रॉमइन्सर्टही चालत नाही. यूयूआयडी डिक्शनरीतच घाला. आणि 'प्रत बनवा' असं बटण असेल तर सगळे अ‍ॅट्रिब्यूट फिरवून कॉपी करणारा लूप यूयूआयडीही कॉपी करतो. तेवढं वगळा.

७. जुन्या नोंदींना यूयूआयडी द्या

अ‍ॅप सुरू होताना, स्टोअर उघडल्यावर, बॅकग्राउंड कॉन्टेक्स्टमध्ये एक छोटं काम चालवा: यूयूआयडी निल असलेल्या नोंदी शोधा, प्रत्येकीला नवी द्या, शेवटी एकदा सेव्ह करा. शोधतानाच निलची अट असल्यामुळे दुसऱ्यांदा चाललं तरी काही बिघडत नाही, सापडणारच काही नाही. 'हे काम झालं' असा झेंडा यूजरडिफॉल्ट्समध्ये ठेवायची गरज नाही.

इथं दोन शॉर्टकट खुणावतात आणि दोन्ही खड्ड्यात नेतात.

एक, अवेकफ्रॉमफेच. 'वाचताना रिकामी दिसली की भरून टाकू' हा विचार सुंदर आहे, पण त्या मेथडच्या भोवती कोअर डेटा बदलांची नोंद घेणं मुद्दाम थांबवतो. भरलेली यूयूआयडी मेमरीत दिसते, सेव्ह होत नाही, आणि अ‍ॅप पुन्हा उघडलं की नवीच असते.

दोन, एनएसबॅचअपडेटरिक्वेस्ट. एका फटक्यात सगळ्या ओळी बदलतो, वेगवान आहे. पण तुम्ही त्याला दिलेली यूयूआयडी एकच असते आणि तीच सगळ्यांना लागते. सोळा बायका, एक ओळख. पुन्हा पवार वहिनी.

सगळ्या नोंदी भरल्या गेल्यावर हवं तर एंटिटीच्या कन्स्ट्रेंट्समध्ये यूयूआयडी घाला, म्हणजे दुबार नोंद डेटाबेसच अडवेल. मात्र कॉन्टेक्स्टची मर्ज पॉलिसी ठरवायला विसरू नका. मूळ पॉलिसी टक्कर झाली की सेव्हच नाकारते, १३३०२१ क्रमांकाच्या एररसह. आणि क्लाउडकिटशी, म्हणजे आयक्लाउडवर डेटा नेणाऱ्या अ‍ॅपलच्या सेवेशी, जोडणार असाल तर कन्स्ट्रेंट घालता येत नाहीत. तिथं दुबार नोंदी शोधून एकत्र करायचं काम आपल्याच गळ्यात.

८. लिस्टला जोडा

आता सभासदचं स्वतःचं एक्स्टेंशन लिहा आणि त्यात आयडी नावाची कम्प्युटेड प्रॉपर्टी ठेवा, प्रकार एनएसमॅनेज्डऑब्जेक्टआयडी, परत द्यायचा ऑब्जेक्टआयडी. आयडेंटिफायेबल पुन्हा लिहायची गरज नाही, एक्सकोडच्या आपोआप बनलेल्या कोडमध्ये ते आहे. मग फॉरईचला फेचरिक्वेस्टचे निकाल सरळ द्या, क्रमांक नाहीत, आयडीचा वेगळा उल्लेख नाही.

एक अडचण राहते. सेव्ह होईपर्यंत ऑब्जेक्टआयडी तात्पुरता असतो. सेव्ह झालं की त्याच नोंदीला कायमचा मिळतो, आणि लिस्टला वाटतं की एक ओळ गेली, दुसरी आली. फेचरिक्वेस्ट सेव्ह न झालेल्या नोंदीही दाखवतो, त्यामुळे हा बदल डोळ्यांदेखत होतो. एकाच कृतीत तयार करून लगेच सेव्ह करत असाल तर सहसा जाणवणार नाही. पण नवीन सभासदाची शीट उघडी ठेवून, नोंद आधी बनवून, सेव्ह मागाहून करत असाल तर शीट बंद होऊन पुन्हा उघडेल. शीटला आयटम दिलेला असतो, आयटमची ओळख बदलली, म्हणून जुनी शीट गेली.

उपाय सोपा: नोंद तयार केल्याबरोबर कॉन्टेक्स्टच्या ऑब्टेनपर्मनंटआयडीजला तिची अ‍ॅरे द्या. थ्रो करणारी मेथड आहे, ट्राय लावा. नोंद सेव्ह न करताही कायमचा आयडी मिळतो आणि पुढे तो बदलत नाही. अवेकफ्रॉमइन्सर्टच्या आत मात्र हे करू नका, तिथं नोंद अजून पुरती बसलेली नसते.

एकाच लिस्टमध्ये दोन एंटिटी असतील, समजा सभासद आणि हप्ते, आणि आयडी म्हणून सर्व्हरचे पूर्णांक वापरत असाल तर सात नंबरचा सभासद आणि सात नंबरचा हप्ता एकमेकांवर आदळतात. ऑब्जेक्टआयडीला हा त्रास नाही, त्यात एंटिटीही धरलेली असते.

९. निवड आणि पुसणं

लिस्टमध्ये निवड ठेवत असाल तर सिलेक्शनच्या सेटमधला प्रकार आयडीच्या प्रकाराशी तंतोतंत जुळला पाहिजे. आयडी आता ऑब्जेक्टआयडी आहे, तर सेटही एनएसमॅनेज्डऑब्जेक्टआयडीचा. तिथं जुना यूयूआयडीचा सेट राहून गेला तर एरर येत नाही, इशारा येत नाही, नुसती निवड होत नाही. बोट आपटत बसावं लागतं. दीड तास गेला माझा यात, आणि शेवटी चूक एका शब्दाची.

पुसताना ऑनडिलीट क्रमांक देतं. ते क्रमांक त्या फॉरईचला दिलेल्या यादीतले असतात. फॉरईचला 'बाकी असलेल्या' सभासदांची गाळलेली यादी आणि पुसायला मूळ यादी असं झालं तर भलतीच बाई पुसली जाते. क्रमांकावरून लगेच, त्याच यादीतून, नोंद उचला आणि पुढे नोंदच वापरा. आमच्याकडे हे घडलं नाही, कारण आई कोणाला भिशीतून काढत नाही.

नोंद पुसून सेव्ह झाल्यावरही तिची ओळ सरकत नाहीशी होईपर्यंत स्विफ्टयूआय तिला एखाद-दुसऱ्यांदा हात लावतं. त्या क्षणी नोंदीचे अ‍ॅट्रिब्यूट रिकामे असू शकतात. ओळख म्हणून नॉन-ऑप्शनल यूयूआयडी जाहीर केली असेल, किंवा ऑप्शनलला उद्गारचिन्ह लावून ती बळजबरीनं उघडत असाल, तर अ‍ॅप इथंच कोसळतं, आणि तेही दर वेळी नाही. ऑब्जेक्टआयडी शाबूत असतो. दोन ओळखी वेगळ्या ठेवण्याचं माझं मुख्य कारण हेच. ओळीतल्या नाव-रकमेलाही उद्गारचिन्ह लावू नका, रिकामं असेल तर रिकामी अक्षरं दाखवा.

१०. स्विफ्टडेटा वापरत असाल तर

२०२३ साली आयओएस १७ सोबत स्विफ्टडेटा आला आणि बरंच सोपं झालं. मॉडेल मॅक्रो लावलेला क्लास आपोआप आयडेंटिफायेबल होतो आणि त्याचा आयडी पर्सिस्टंटआयडेंटिफायर असतो, म्हणजे ऑब्जेक्टआयडीचा धाकटा भाऊ. थोरल्याची खोड त्यालाही आहे: सेव्हपूर्वी तात्पुरता. ऑटोसेव्हवर न विसंबता, नवी नोंद घातली की लगेच सेव्ह करा.

क्लासमध्ये यूयूआयडीची प्रॉपर्टी ठेवून तिथंच नवी यूयूआयडी दिली तर नव्या नोंदींना वेगवेगळ्या मिळतात. पण ही प्रॉपर्टी चालू अ‍ॅपमध्ये मागाहून जोडली, तर आपोआप होणाऱ्या स्थलांतरात जुन्या सगळ्या नोंदींना एकच किंमत मिळते. म्हणून ती ऑप्शनल जोडा आणि पायरी ७ प्रमाणे भरा.

अ‍ॅट्रिब्यूटला 'युनिक' लावलं तर दुबार नोंद अडवली जात नाही, जुनी नोंद नव्या माहितीनं बदलली जाते. यूयूआयडीला हे सोयीचं. नावाला लावलंत तर दुसऱ्या सुनीता जाधव आल्या की पहिलीचा हिशेब गेला, गुपचूप. क्लाउडकिटसोबत युनिक इथंही चालत नाही.

११. तपासा

ओळीच्या व्ह्यूच्या बॉडीत पहिल्या ओळीला सेल्फचं अंडरस्कोअर-प्रिंटचेंजेस लिहा. व्ह्यू पुन्हा का काढला हे ते कन्सोलमध्ये सांगतं. ओळ पहिल्यांदा दिसताना 'अ‍ॅट-आयडेंटिटी' असा शब्द येणं रास्त आहे. नुसती टिक केल्यावर सगळ्या ओळींसाठी तो येत असेल तर आयडी कुठंतरी नव्यानं बनतोय, पायरी ३ पुन्हा वाचा. काम झालं की ही ओळ काढून टाका, प्रकाशित अ‍ॅपमध्ये ती नको.

मग खालच्या गोष्टी हातानं करून पाहा:

- सारख्या नावाच्या दोघींपैकी एकीला टिक करा, यादी गाळा, परत पूर्ण करा.
- मधली ओळ पुसा, लगेच तिच्या खालच्या ओळीत टाइप करा.
- नवी नोंद करताना शीट उघडी ठेवून सेव्ह करा.
- अ‍ॅप पूर्ण बंद करून उघडा आणि दोन-तीन नोंदींच्या यूयूआयडी आधीच्याच आहेत का ते छापून बघा. अवेकफ्रॉमफेचची चूक इथंच पकडली जाते.

शेवटची चाचणी जुन्या आवृत्तीवरून. टॅग केलेला जुना कोड सिम्युलेटरवर चालवा, वीस नोंदी भरा, अ‍ॅप न काढता त्यावर नवा कोड चालवा. अ‍ॅप काढून नव्यानं टाकलं तर स्थलांतर होतच नाही आणि सगळं छान दिसतं. मी तेच केलं होतं, म्हणून सोळा पवार वहिनी माझ्या टेबलावर न दिसता थेट आईच्या फोनवर दिसल्या.

बॅकअप फाइल वाचण्याची सोय असेल तर तीच फाइल लागोपाठ दोनदा आत घ्या. प्रत्येक नोंदीसाठी आधी यूयूआयडीनं शोध घेऊन, सापडली तर तीच बदलायची आणि नसेल तरच नवी करायची, असा कोड असेल तर दुसऱ्या वेळी आकडा सोळाच राहतो. बत्तीस झाला तर शोधण्याची पायरी राहिली आहे. आईनं नवा फोन घेतला तेव्हा तिनं ते बटण चार वेळा दाबलं होतं, पहिल्यांदा काही झालं नाही असं वाटून.